कुयलीची सुई

सरपंच वासुदेव गवस ऐन रंगात आले होते आणि नेमकी तेव्हाच ऋजुताची डावी पोटरी खाजायला लागली.

साधी खाज असती तर तिनं दातओठ खाऊन दाबली असती. पण ही तसली नव्हती. एकाच जागी, तापलेली, आणि लक्ष दिल्याशिवाय सोडणार नाही अशी. डॉक्टर ऋजुता हसबनीस पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली पशुवैद्य, गोचिडांवर पीएचडी केलेली. पण या खाजेपुढे पदव्यांचं काही चालत नव्हतं. मोरखोल ग्रामपंचायतीच्या भरल्या बैठकीत तिनं पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर घेतला, गळ्यातल्या दोरीला अडकवलेला बारीक चिमटा काढला आणि खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड उपटून बाटलीत टाकली.

"मॅडम सकाळी रानात गेल्ले, ह्या आता अख्ख्या पंचायतीक कळला," सरपंच म्हणाले. "बघितलात? ह्याच मी सांगी होतंय. तुमची ही सुई चहाड्यो करता."

बैठक खदखदून हसली. ऋजुताला हसू आलं नाही. दीड वर्ष ती या गावात राहत होती आणि दीड वर्षात तिला हसू येण्यासारखं फार थोडं घडलं होतं.

ही सुई म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. दोडामार्गाच्या डोंगरपट्ट्यात माकडताप येऊन बरीच वर्षं लोटली होती. रानात माकडं मरायला लागली की समजायचं, गोचिडांमध्ये विषाणू पसरला. मग काजूच्या हंगामात बागांतून वावरणारी माणसं तापानं फणफणायची, काहींना रक्तस्राव व्हायचा, काही इस्पितळातून परत यायचीच नाहीत. विषाणूवरची जुनी लस फार दिवस पुरत नव्हती. खरी मेख अशी की गोचीड चावल्याचं कळतच नाही. तिच्या लाळेत जागा बधिर करणारे, खाज आणि सूज येऊ न देणारे पदार्थ असतात. त्यांच्या जोरावर ती निवांत चिकटून राहते, रक्त पिते, आणि पिता पिता विषाणू आत सोडते.

शास्त्रज्ञांनी शेवटी विषाणूचा नाद सोडला आणि गोचिडीची लाळच धरली. लाळेतली प्रथिनं कशी बनवायची याची कृती आरएनएच्या रूपात दंडात टोचायची. शरीर ती प्रथिनं थोडी थोडी बनवतं आणि त्यांना शत्रू म्हणून ओळखायला शिकतं. पुढं खरी गोचीड चावली की थोड्याच वेळात ती जागा लालभडक होते आणि अशी खाजते की माणूस असेल तिथं कपडे वर करून बघतो. गोचीड वेळेत निघाली की विषाणूला उतरायला सवड मिळत नाही. एवढंच. माणसाचं अंगच राखणीला बसवायचं.

कागदोपत्री लसीचं नाव लांबलचक होतं. गावानं पहिल्याच दिवशी तिचं 'कुयलीची सुई' करून टाकलं, कारण खाजकुयलीची शेंग अंगाला लागली की काय होतं ते इथं पोराबाळांनाही ठाऊक. लसीसोबत प्रत्येकाला एक स्टीलचा चिमटा मिळाला. बायकांनी तो बांगडीतल्या सेफ्टी पिनेत अडकवला, पुरुषांनी हरवला. मागच्या हंगामात लस घेतलेल्यांपैकी एकालाही माकडताप झाला नाही, आणि ऋजुतानं संस्थेला पेढे पाठवले.

मग माणसांनी त्या खाजेचा दुसरा उपयोग शोधून काढला.

"सदानंदान बायलेक सांगल्यान, बँकेत गेल्लंय," सरपंच तक्रारी वाचाव्यात तसं सांगत होते. "घराक इलो तो पाय खाजयत. आता ती तेका घरात घेणा नाय. फॉरेस्टचो गार्ड नाक्यार उभो ऱ्हवान लोकांचे घोटे तपासता. आणि काल सुगंधाकाकीन सुनेक माहेराक धाडल्यान."

"कुणी? सुगंधा धुरींनी? सिद्धीला?" ऋजुतानं विचारलं. "का?"

"रोज सकाळी तिचे पाय खाजतत. इचारला तर सांगता, मी रानात जावक नाय. रोशन दिवसभर गोव्यात कामार. मगे ही रानात कोणाक भेटूक जाता, असा लोक इचारतले नाय तर काय करतले?" सरपंचांनी भिंतीकडं बोट केलं. "थंय तुमीच लिवलेला आसा."

भिंतीवर ऋजुताच्याच संस्थेचं पोस्टर होतं. लाल अक्षरांत: 'पाय खाजतोय? म्हणजे तुम्ही जंगलात गेला होतात. लगेच तपासा!' ते वाक्य ऋजुताचं स्वतःचं होतं. बागेच्या कडेलाच तर गेलो होतो म्हणून तपासायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी तिनं ते लिहिलं होतं, आणि लिहिल्यावर स्वतःवर खूशही झाली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावाचा राग आला, सुगंधाकाकींचा आला, त्या घोटे तपासणाऱ्या गार्डचा तर फारच आला. माणसाला मरणापासून वाचवणारी वस्तू हातात द्यावी आणि माणसानं तिच्या जोरावर शेजाऱ्याला खिंडीत पकडावं! बैठक आटोपताच तिनं सिद्धीला फोन लावला.

सिद्धी धुरी ही गावातली लस घेणारी पहिली बाई. लग्न होऊन मोरखोलात आली त्याच्या आदल्या वर्षी तिचे वडील माकडतापानं गेले होते, म्हणून सासू नको नको म्हणत असताना तिनं दंड पुढं केला होता. सासूनं मात्र अजून लस घेतली नव्हती, आणि रोशननं, तिच्या नवऱ्यानंही नाही.

"मॅडम, मी रानात जावक नाय," सिद्धी फोनवर म्हणाली. आवाजात रडं नव्हतं, थकवा होता.

"सिद्धी, हे बघ, गेली असलीस तरी माझी काही हरकत नाही. जळणाची फाटी आणायला, काजू बघायला, कशालाही. मला फक्त खरं सांग, म्हणजे मी काकींना समजावू शकेन. कारण खाज उगीच येत नाही गं."



"तुमी पण?" सिद्धीनं विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऋजुताला सावंतवाडीला जिल्ह्याच्या बैठकीला जावं लागलं. तिथं एका लॉजवर मुक्काम, गरम पाण्याची अंघोळ, धुतलेले कपडे, आणि दिवसभर वातानुकूलित खोलीत बसून माकडं मोजणाऱ्या ड्रोनच्या बॅटऱ्यांवर चर्चा. जंगल तिला खिडकीतूनसुद्धा दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तिथूनच जीप घेऊन थेट सुगंधाकाकींच्या अंगणात उतरली. काकींना चार शब्द सुनवायचे हे तिनं वाटेत नक्की केलं होतं. कोणते चार, ते ठरलं नव्हतं.

सुगंधाकाकी साठीच्या आतबाहेरच्या, काटक, सकाळपासून हात न थांबवणाऱ्या. त्यांनी ऋजुताला स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत बसवलं, कारण चूल तिथं होती. पडवीला लागूनच गोठा, मध्ये कमरेइतकी भिंत; तिच्यावरून सांडलेला वाळका पाला पडवीतही. गोठ्यातली गाय ऋजुताकडं बघत रवंथ करत होती.

"चाय घेवा," काकी म्हणाल्या. "आणि सिद्धीचा सांगूक इला असशात, तर काय सांगू नकात. माझ्या झिलान, रोशनान, दुसऱ्याच्या पोराक आपला म्हणाचा काय?"

"काकी! पाय खाजण्यावरून तुम्ही थेट पोरापर्यंत गेलात?"

"तुमीच लिवलास भित्तीर. मी शाळा शिकाक नाय तरी वाचूक येता माका."

"भिंतीवर लिहिलंय ते गोचीड काढायला. सून काढायला नाही!"

"मगे माका कित्याक खाजणा नाय?" काकींनी आपले दोन्ही घोटे पुढं केले. कोरडे, स्वच्छ, एकही लाल ठिपका नाही. "मी घरात आसंय म्हणान. ती घरात नसता म्हणान तिका खाजता."

"तुम्हाला खाजत नाही कारण तुम्ही लसच घेतली नाही. लस न घेतलेल्या माणसाला चार गोचिडी चावल्या तरी..."

ऋजुता इथं थांबली. तिचा उजवा घोटा खाजायला लागला होता.

तिनं दुर्लक्ष करून बघितलं. जमलं नाही. मग तिनं मोजा खाली केला. लाल वर्तुळ, मध्ये काळा ठिपका. ती त्या ठिपक्याकडं बघत राहिली. कालचा अख्खा दिवस आणि रात्र ती सावंतवाडीत होती. अंघोळ केली होती, कपडे स्वच्छ होते. तिच्याच पोस्टरप्रमाणं ती आज सकाळी जंगलात गेलेली होती.

तेवढ्यात डावा पायही खाजला.

"काकी," ती उठत म्हणाली, "गाईचं दूध कोण काढतं?"

"आता मीच. आधी सिद्धी काढी."

ऋजुता जीपकडं धावली आणि पांढरं फ्लॅनेलचं कापड घेऊन आली. काठीला बांधलेलं, चादरीएवढं. रानात पाल्यावरून हे कापड ओढत चाललं की वाट बघत बसलेल्या गोचिडी प्राणी समजून त्याला चिकटतात. दीड वर्षं तिनं ते डोंगरात शेकडो वेळा ओढलं होतं. गोठ्यात एकदाही नाही. गाईच्या पायाखाली जाड पातेरा पसरला होता, आणि मागं त्याचा छातीइतका ढीग. पातेरा म्हणजे रानातला वाळका पाला. इथं घरोघरी तो झाडून, जाळ्यांत भरून आणतात. काही गाईखाली अंथरायला, बाकी शेतात पसरून, पेटवून तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन भाजायला.

तिनं कापड ढिगावरून एकदा ओढलं आणि उलटं केलं. पांढऱ्यावर बारीक ठिपके चालत होते. बरेच.

"अगो आये!" सुगंधाकाकी म्हणाल्या.

ऋजुताला मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं. कुणावर, तेच कळेना. गोचिडी जंगलात असतात, जंगल डोंगरावर असतं, माणूस डोंगरावर जातो, हे सगळं ती शिकली होती आणि शिकवत होती. जंगल जाळीत भरून घरी येतं आणि सून त्यावर बसून दूध काढते, हे तिच्या नकाशात कुठंच नव्हतं. आणि खाजेनं बिचारीनं एक शब्द खोटा सांगितला नव्हता. खाज फक्त म्हणत होती, गोचीड आहे. 'जंगलात गेली होतीस' हे ऋजुताचं वाक्य होतं.

कापडाला ठिपक्यांबरोबर पानंही चिकटली होती. ती काजूची नव्हती. वीतभर लांब, चामड्यासारखी. तिनं एक पान उचललं. कान्हळाचं. रानजायफळाची ही जात पाणथळ जागेतच वाढते, आणि मोरखोलाच्या हद्दीत अशी जागा एकच होती, माउलीची राई. गावदेवीच्या त्या राईतून कुणी वाळकी काडी उचलत नाही. चप्पल घालून जात नाही. ऋजुतालासुद्धा संशोधनासाठी परवानगी मिळाली नव्हती.

"काकी, हा पातेरा कुठला?"

काकींनी पदर तोंडाला लावला. मग भडाभडा बोलल्या. "काजूच्या बागेत माकडा मेली. तुमीच सांगलात, थयलो पातेरो हाडू नकात. मगे हाडूचो खयसून? गायच्या पायाखाली काय घालू? तरवो कशान भाजू? म्हटला, राईत कोण जाणा नाय, थंय घाण नसतली. देवीच्या घरात रोग कसो येतलो, मॅडम?"

"जिथं माणूस जात नाही तिथंच जनावरं निर्धास्त राहतात, काकी. माकडं, उंदीर, सगळी. त्यांच्या अंगावर गोचिडी. राईत सगळ्यात जास्त!" तिचा आवाज चढला होता. मग तिनं काकींच्या कानामागं बघितलं आणि तो एकदम उतरला. "हलू नका."

कानामागं, केसांच्या कडेला, एक गोचीड फुगून मुगाएवढी झाली होती.

"ही कधीपासून आहे?"

"खयची? काय आसा?"

त्यांना काही जाणवतच नव्हतं. ऋजुतानं चिमट्यानं ती अलगद काढली आणि जीपमधल्या चाचणीच्या डबीत चिरडली. ही डबी गोचिडीत विषाणू आहे की नाही ते चहा निवायच्या आत सांगते. चहा निवला. डबीवर लाल रेघ उमटली.

 ऋजुतानं काकींना समजावलं की गोचिडीत विषाणू होता म्हणजे अंगात गेलाच असं नाही, आठवडाभर ताप बघायचा, रक्त तपासायचं, जरा कणकण वाटली तर लगेच इस्पितळ. काकी ऐकत नव्हत्या. त्यांना वेगळीच भीती होती.

"मॅडम, राईचा नाव काढू नकात. पुढच्या आयतवारी देवळात गाऱ्हाण्याक गाव जमतलो. कळला तर ह्या वर्साक कोणाचा ढोर मेला, कोणाचा पोर पडला, सगळा माझ्या नावार. मरेसर."

"आणि सिद्धीचं नाव बदनाम झालं ते चाललं तुम्हाला?"

काकींनी चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं. गाय रवंथ करत राहिली.

त्या दुपारी ऋजुतानं पुण्याला प्रकल्पप्रमुख डॉक्टर घाटपांड्यांना फोन केला. घाटपांडे हुशार, सज्जन आणि अहवालाच्या तारखेपलीकडं काही न दिसणारे गृहस्थ.

"घरात गोचिडी? इंटरेस्टिंग," ते म्हणाले. "पुढच्या टप्प्यात घेऊ."

"सर, पुढच्या नाही. आत्ताच. घराबाहेर न पडणाऱ्या कितीतरी बायकांनी खाज आल्याचं सांगितलं होतं. आज्या, बाळंतिणी. त्यांच्या नावापुढं आपण काय भरलं आठवतंय? 'माहिती लपवली.'"

"कोणी भरलं?"

"मी भरलं. तुम्ही मंजूर केलं."

"हे बघ ऋजुता, मार्चअखेर अहवाल जायचाय. आता व्याख्या बदलली तर सगळं पहिल्यापासून. एका सासूसुनेच्या भांडणासाठी?"

"सासूसुनेचं भांडण आपणच छापलंय, सर. चार रंगांत."

घाटपांड्यांनी सुस्कारा सोडला. त्यांना ऋजुता हटवादी वाटत आली होती आणि त्यात फारसं चुकत नव्हतं. "जे करायचं ते लेखी कळव," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

तो आठवडा ऋजुतानं रोज दोन वेळा सुगंधाकाकींचा ताप बघण्यात घालवला. राईतला पातेरा तिनं आणि रोशननं मिळून शेताच्या कडेला जाळला, गोठा झाडून औषध मारलं.  रोशन जळत्या ढिगाकडं बघत म्हणाला, "माका वाटलेला, ती तशी नाय."

"मग बोलला का नाहीस?"

"आईसमोर काय बोलतलंय? आणि खाज तर येय होती ना, मॅडम."

ऋजुतानं कपाळावर हात मारून घेतला. काकींना ताप आला नाही, रक्तही स्वच्छ निघालं. ते नशीब होतं, आणि नशिबावर संशोधनाचा अहवाल लिहिता येत नाही.

रविवारी माउलीच्या देवळापुढं गाव जमला. गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीनं देवीला घालायचं साकडं, सुरू व्हायच्या आधी सरपंचांनी ऋजुताला थोडा वेळ दिला. तिनं पंचायतीच्या भिंतीवरचं पोस्टर काढून आणलं होतं. सगळ्यांसमोर ते फाडलं. आवाज बराच मोठा आला, कारण कागद चांगल्या प्रतीचा होता.

"हे वाक्य माझं होतं आणि ते चूक होतं," ती म्हणाली. "खाज आली म्हणजे गोचीड चावली, इतकंच. ती कुठं चावली, ते खाज सांगत नाही. पातेऱ्यातून गोचिडी घरात येतात. मला स्वतःला रानात पाऊल न टाकता चावल्यात."

पुढच्याच रांगेत बसलेली एक म्हातारी काठी आपटत उठली. "मगे मी दोन म्हयने काय सांगी होतंय? खाटल्यार बसान पाय खाजता म्हणान! ह्याच बायन माका इचारल्यान, आजी, खरा सांगा, खंय गेल्लास. माझे गुडघे बघ गो! मी न्हाणयेत जाऊक शकणा नाय!"

हशा पिकला. पण मागं बसलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली होती, आणि ती हसण्याची नव्हती. एकीनं सांगितलं, तिच्या गरोदर लेकीलाही असंच बोललं गेलं होतं. दुसरीनं नवऱ्याकडं असं काही बघितलं की तो देवळाच्या शिखराकडं बघायला लागला.

"ता सगळा बरा," सरपंच म्हणाले. "पण ह्यो गोचिड्यो गावल्यो कोणाच्या घरात? आणि पातेरो खयलो? काजूचो तर बंद आसा."

ऋजुताच्या पिशवीत पुराव्याचं कान्हळाचं पान होतं. ते वर धरलं असतं तर तिथंच निकाल लागला असता. अख्खा गाव तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि खांबाला टेकून बसलेल्या सुगंधाकाकी जमिनीकडं. त्यांचं नाव घ्यावंच, असं ऋजुताला क्षणभर फार वाटलं. सिद्धीचं नाव याच काकींनी वाऱ्यावर सोडलं होतं.

"ते मी सांगणार नाही," ती म्हणाली. "सुईनं चहाड्या केल्या तेवढ्या पुरे झाल्या."

कुणाला ते आवडलं नाही. सरपंच चिडून काही बोलणार होते. तेवढ्यात सुगंधाकाकी खांब धरून उभ्या राहिल्या.

"माझ्या घरात गावल्यो," त्या म्हणाल्या. "पातेरो मी हाडलंय. सून रानात जावक नाय." आणि कुणी पुढचं विचारायच्या आत त्या पायऱ्या उतरून चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी ऋजुता सिद्धीच्या माहेरी निघाली, तर सुगंधाकाकी नेसूचं लुगडं नीट करून जीपपाशी उभ्या. मी पण येतंय, एवढंच म्हणाल्या. मागून मोटारसायकलवर रोशन. नदी ओलांडून जीप अंगणाशी थांबली तेव्हा मात्र काकींचा धीर सुटला. "माझो गुडघो दुखता," त्या म्हणाल्या, "तुमी जावन येवा." रोशनही गाडीच्या आरशात तोंड बघत तिथंच रेंगाळला.

सिद्धी अंगणात काजूच्या बोंडांतून बिया पिळून काढत होती. हात चिकामुळं काळे झालेले. बांगडीतल्या पिनेत चिमटा होता. ऋजुतानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गोठा, कापड, पोस्टर, देऊळ. माफी मागितली. दोनदा मागितली, कारण पहिल्यांदा तिची तिलाच अपुरी वाटली.

"कान्हळाची पाना होती ना?" सिद्धीनं विचारलं.

ऋजुता बघतच राहिली. "तुला माहीत होतं?"

"रोज तेच्यार बसान दूध काढी होतंय."

"अगं, मग बोलली का नाहीस? एका शब्दात सुटली असतीस!"

सिद्धीनं बोंड बाजूला टाकलं. "माझो बापूस तापान गेलो, तेव्हा लोक म्हणाक लागले, राईत लाकडा तोडूक गेल्लो म्हणान देवी कोपली. तो राईत जावक नाय, मॅडम. आये आजून तेच आयकता. ता आता मी सासयेच्या कपाळाक लावू?" तिनं पुढचं बोंड हातात घेतलं. "आणि कित्याक लावू? मी सांगलेलंय, मी रानात जावक नाय. तेवढा पुरे होवक व्हया हुता. तुमका गोचिड्यो गावल्यो म्हणान मी खरी. नाय गावल्यो असत्यो तर?"

 संस्थेत नवीन पोस्टर छापायचं ठरलं होतं, पण हे त्यात मावणारं नव्हतं.

सिद्धी आत गेली. हात धुऊन, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि सरळ जीपशी गेली. दारात आलेल्या माणसाला गूळपाणी द्यायचं, मग ते माणूस उतरो की न उतरो. सुगंधाकाकींनी खिडकीतून गूळ घेतला.  तांब्याभर पाणी पिऊन त्या म्हणाल्या,

"चल गो घराक."

"येतंय," सिद्धी म्हणाली. "पण आधी तुमी दोघांनी सुई घेवची. हंयच."

"माका खाजाक लागला, तर लोक काय म्हणतीत?"

"म्हणांदेत."

रोशन पुढं आला. त्यानं सदऱ्याची बाही वर केली. ऋजुतानं जीपच्या मागून लसीची बर्फाची पेटी काढली. सुगंधाकाकींनी थोडा वेळ काढला, मग खिडकीतून दंड बाहेर दिला आणि डोळे घट्ट मिटले.

सिद्धी बाजूला उभी राहून दोघांच्या सुया होईपर्यंत बघत होती. मग तिनं बांगडीतला चिमटा पिनेतून सोडवून पदराला पुसला आणि परत नीट अडकवला.

"आणि एक," ती म्हणाली. "आता घरात कोणाकय खाजला, तर मी इचारूचंय नाय खंय गेल्लास म्हणान. गोचीड तेवढी काढीन."